कमी कबूल करणारी दुर्बीण

दुर्बिणीच्या बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो आकडा. ऑनलाइन यादीत २०×, ३०×, ‘१००० पट झूम’ असं ठळक छापलेलं असतं आणि ८×४२ लिहिलेली, किमतीला चौपट असलेली दुर्बीण त्याच यादीत खाली कुठेतरी पडलेली असते. पहिल्यांदाच दुर्बीण घेणारा साहजिकच विचारतो, की दोन-अडीच हजारांत तीसपट मिळत असताना दहा-बारा हजार मोजून आठपट का घ्यायची? प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचं नीट उत्तर द्यायलाच हवं. भिगवणला रोहित पाहायला, ताडोब्यात सफारीला किंवा आंबोलीत पावसाळी भटकंतीला जाणाऱ्या पुष्कळांनी पहिली दुर्बीण याच आकड्याच्या मोहात घेतलेली असते आणि थोड्याच दिवसांत ती कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. मग ‘दुर्बिणीतून काही नीट दिसत नाही’ असा ग्रहही होऊन बसतो. माझं म्हणणं असं, की किंमत एकदा ठरली की दुर्बिणीतली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी मोबदल्यात मिळते. वर्धन वाढलं की दृष्टिक्षेत्र, उजेड आणि स्थिरता यांतून ते वसूल होतं. झूम आलं की दोन नळ्यांची जुळणी ढिली होते. नळी चिमुकली झाली की पहाटेचा उजेड जातो. बेताच्या पैशांत चांगली निघते ती कमी कबूल करणारी दुर्बीण. एकच वर्धन, तेही आठपट, आणि बाकी सगळा खर्च काच, कोटिंग आणि जोडणीवर.

आधी त्या दोन आकड्यांचा हिशोब करू. ८×४२ मधला ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ऐंशी मीटरवर उभं असलेलं काळवीट आठपट दुर्बिणीतून दहा मीटरवर असल्यासारखं दिसतं, दहापट दुर्बिणीतून आठ मीटरवर. म्हणजे आठवरून दहावर जाऊन दोन मीटरची जवळीक मिळाली. तिची किंमत काय पडली? आठपट दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १२५ ते १४५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहापटीतून बहुधा १०० ते ११५ मीटरचा. हे झाडाजवळ आणून पाहा. वीस मीटरवरच्या वडाच्या फांद्यांत आठपट दुर्बीण अडीच मीटरचं वर्तुळ दाखवते, दहापट जेमतेम दोन मीटरचं, आणि क्षेत्रफळाच्या भाषेत हा फरक जवळजवळ दीडपटीचा होतो. पानांआड उड्या मारणारा वटवट्या आधी सापडावा लागतो, मोठा दिसण्याचा प्रश्न नंतर येतो. नवख्याची निम्मी दमछाक याच सापडण्यात होते. डोळ्यांनी पक्षी दिसलेला असतो, दुर्बीण लावली की नुसती पानं. शिवाय वर्धन वाढतं तसा हाताचा थरथराटही तेवढ्याच पटीनं वाढतो. आठपट बहुतेकांना हातात स्थिर धरता येते, दहापटीला सराव लागतो, आणि बारापटीच्या पुढे तिपाई नसेल तर वाढलेलं वर्धन थरथरीतच खर्ची पडतं. इंजिन चालू असलेल्या जिप्सीत तर दहापटही कुरकुरते.

तीसपटवाल्या दुर्बिणींचं गणित त्यांच्याच आकड्यांनी उघडं पडतं. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनानं भागलं की मागच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, ही चकती स्पष्ट दिसते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटरची, १०×४२ मध्ये ४.२ ची. ‘३०×६०’ असं छापलेली दुर्बीण खरोखर तशी असती तर तिची चकती दोन मिलिमीटरची झाली असती, म्हणजे भर दुपारी कसंबसं चालेल आणि सकाळी सहाला जंगलात काळोख. प्रत्यक्षात असल्या बऱ्याच मालात दोन्ही आकडे कल्पित असतात. ‘१००० पट’ हे तर सरळ थापेबाजीत जमा करावं. समोरच्या भिंगावर लालभडक चकाकी असलेल्या ‘रुबी’ दुर्बिणी याच जातीतल्या. तो लाल थर प्रकाशातला लाल भाग परत फेकतो, चित्र निळसर-हिरवं दिसतं, आणि तांबटाच्या कपाळावरचा लाल ठिपका पाहायला घेतलेल्या दुर्बिणीतून लाल रंगच मार खातो. झूम दुर्बिणी नामांकित कंपन्याही बनवतात, तरी त्यांच्यापासूनही दूर राहिलेलं बरं. दोन्ही नळ्यांतली सरकती भिंगं अगदी एकसारखी सरकायला हवीत, आणि ही अचूकता स्वस्तात मिळत नाही. त्यात कमी वर्धनालाही त्यांचं दृष्टिक्षेत्र अरुंद असतं, त्यामुळे पक्षी शोधण्यासाठी कमीवर आणा आणि मग वाढवा, ही युक्तीसुद्धा फारशी साधत नाही.

दुसरा आकडा उजेडाचा. उजेड गोळा होतो तो भिंगाच्या क्षेत्रफळानुसार, म्हणून ३२ मिलिमीटरपेक्षा ४२ मिलिमीटरचं भिंग सव्वापटीऐवजी १.७ पट उजेड घेतं आणि खिशातल्या २५ मिलिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा पावणेतीनपटींच्याही वर. पण गोळा झालेला सगळा उजेड डोळ्यात शिरेलच असं नाही. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. संध्याकाळी ती चार-पाचपर्यंत जाते, गडद अंधारात तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत. साठीच्या आसपास ती पाचच्या पुढे सहसा जात नाही. त्यामुळे रात्रीच्या समुद्रासाठी बनलेली ७×५० दुर्बीण, जिची चकती सात मिलिमीटरची असते, ती जंगलात दिवसा वापरणाऱ्याच्या गळ्यात नुसतंच वजन घालते. उलट वाघ, बिबट्या, घुबडं, रातवे पाहायचे तर ते पहिल्या आणि शेवटच्या तासातच दिसायची शक्यता जास्त, आणि त्या वेळी सव्वापाच मिलिमीटरची चकती खरोखर उपयोगी पडते. म्हणून भारतातल्या वन्यजीवांसाठी एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ पुढे येते. दिवसा-उजेडी चालत पक्षी पाहणाऱ्याला ८×३२ पुरते, वजनही दीड-दोनशे ग्रॅम वाचतं. मात्र छोट्या नळीत तीच गुणवत्ता बसवणं सोपं नसतं, आणि बेताच्या किमतीत ८×३२ मध्ये निवड करायला फारसं काही सापडत नाही.

खरं सांगायचं तर या दोन आकड्यांपेक्षा दुर्बिणीची लायकी ठरवणारी गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही. ती म्हणजे काचेवरचं कोटिंग. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीच्या एका नळीत भिंगं आणि प्रिझम मिळून असे डझनभर पृष्ठभाग सहज असतात. बारा वेळा चार-चार टक्के गेले की आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ६१ टक्के डोळ्यापर्यंत पोचतो. झाइस या जर्मन दुर्बीण-कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. एका थरानं तोटा सुमारे दीड टक्क्यावर येतो आणि बारा पृष्ठभागांनंतर ८३ टक्के प्रकाश उरतो. अनेक थर दिले तर तोटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि ९४ टक्के उरतो. गेलेला प्रकाश नुसता जातही नाही, नळीत इकडेतिकडे आपटून चित्रावर धुरकट पडदा ओढतो. काळ्या पाठीचा पक्षी करडा दिसतो तो यामुळे. म्हणून खोक्यावर ‘फुल्ली मल्टी-कोटेड’ हे शब्द शोधावेत. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर एखादा थर, आणि नुसतं ‘मल्टी-कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर जास्त थर, इतकंच बांधील असतं. स्वस्त दुर्बिणींची खरी प्रगती याच जागी झाली आहे. एकेकाळी महागड्या दुर्बिणींत मिळणारं पूर्ण बहुस्तरी कोटिंग आता दहा हजारांच्या आसपासच्या दुर्बिणीतही येतं, आणि त्यामुळेच ‘परवडणारी आणि चांगली’ हे दोन शब्द एका वाक्यात ठेवता येतात.

पुढचा प्रश्न रचनेचा, आणि इथे मतभेदाला जागा आहे. इटालियन लष्करी अधिकारी इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली प्रिझमची मांडणी वापरून झाइसनं १८९४ मध्ये दुर्बिणी बाजारात आणल्या. पुढची भिंगं रुंद आणि मागची जवळ, अशी जुन्या युद्धपटांत दिसणारी दुर्बीण ती पोरो. दुसरी सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक दुर्बिणी तशा असतात. रूफ प्रिझम आटोपशीर असतो, पण नखरेल. त्याच्या छपरासारख्या दोन पृष्ठांमधला कोन अत्यंत काटेकोर घासावा लागतो. छपराच्या धारेवर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि परत एकत्र येताना त्यांच्या लहरींचा मेळ बसत नाही, त्यामुळे बारकावे पुसट होतात. यावरचा उपाय, फेज कोटिंग, झाइसनं १९८८ मध्ये आणला. सरळ नळ्यांच्या बहुतेक दुर्बिणींत प्रिझमच्या एका पृष्ठभागाला आरशासारखा मुलामाही द्यावा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के प्रकाश तिथेच जातो, चांदीचा असेल तर कमी, डायइलेक्ट्रिक असेल तर जेमतेम एक टक्का. पोरोला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे एकाच किमतीत साधी पोरो दुर्बीण साध्या रूफ दुर्बिणीपेक्षा बहुधा उजळ आणि रेखीव चित्र देते, शिवाय खोलीची जाणीवही जास्त. निकॉनची अक्युलॉन ए२११ ८×४२ किंवा ऑलिंपसची ८×४० डीपीएस-१ या दुर्बिणींची शिफारस वर्षानुवर्षं होत आली ती यामुळेच. दोन्हींचं दृष्टिक्षेत्र आठ अंशांच्या घरात आहे. दुप्पट किमतीच्या पुष्कळ दुर्बिणींनाही ते जमत नाही.

ही शिफारस युरोप-अमेरिकेतल्या जाणकारांची म्हणून जशीच्या तशी उचलली, तर सह्याद्रीत फसगत होते. पोरो दुर्बिणीत फोकसचं चाक फिरवलं की आयपीसांचा पूल मागेपुढे सरकतो, आणि त्याबरोबर हवा आतबाहेर होते. स्वस्त पोरो जलरोधक नसतात. कोकणात, गोव्यात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर जी दमट हवा असते, ती एकदा नळीत शिरली की आतून धुकं धरतं, आणि नंतर भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. बुरशी कोटिंगच खाते, ते पुसून परत येत नाही. सरळ नळ्यांच्या जलरोधक दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, फोकसचं भिंग आतल्या आत सरकतं, आणि सील शाबूत आहे तोवर आत बुरशीला ओल मिळत नाही. म्हणून हे उत्तर माणूस कुठे राहतो यावर ठरतं असं मला वाटतं. नागपूर, संभाजीनगर, सोलापूरच्या कोरड्या हवेत, पावसात दुर्बीण बाहेर न काढणाऱ्यानं सात-आठ हजारांची चांगली पोरो घेतली तर त्या पैशांत तिच्याहून सरस चित्र मिळणं कठीण. रत्नागिरी, कोल्हापूर, महाबळेश्वर, पणजीकडच्या माणसानं मात्र चित्रात थोडं कमी पत्करून जलरोधक रूफ घ्यावी. महाधनेश पाहण्याच्या जागा ओल्या आहेत. तिथे दुसऱ्या पावसाळ्यानंतरही स्वच्छ राहील ती दुर्बीण जास्त चांगली, पहिल्या दिवशी दुकानात कुठली उजळ होती याला मग अर्थ राहत नाही. दुर्बीण बॅगेत कोंबून लोखंडी कपाटात बंद ठेवण्यापेक्षा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवणं हा काही रुपयांत होणारा विमा आहे. जेलचे दाणे मात्र अधूनमधून तापवून वाळवायला हवेत, हे लोक विसरतात.

पैसे वाढवत नेले तर काय मिळतं? साधारण पायऱ्या अशा आहेत: सात ते दहा हजारांत नामांकित कंपनीची पोरो, दहा ते अठरा हजारांत साधी जलरोधक रूफ, वीस ते पस्तीस हजारांत फेज आणि डायइलेक्ट्रिक कोटिंग व ईडी काच (रंगांची झालर कमी करणारी) असलेली रूफ, आणि स्वारोवस्की, लायका, झाइसच्या अव्वल दुर्बिणींसाठी दोन लाखांच्या पुढची तयारी. पहिल्या दोन पायऱ्यांवर फरक डोळ्यांत भरतो, तिसरीवर तो ठरावीक प्रसंगी दिसतो, आणि त्यानंतर दुपटी-तिपटीनं वाढणाऱ्या पैशांमागे मिळणारी सुधारणा बारीक होत जाते. ईडी काचेचा उपयोग कळतो तो पांढऱ्या आभाळाखाली गिरक्या घेणाऱ्या गरुडाच्या कडेला जांभळी झालर दिसत नाही तेव्हा, किंवा उजनीच्या चिखलात टिलव्यांचे पाय तपासताना. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवे. रंग खरे न दाखवणाऱ्या दुर्बिणीला या दोघांत फरक करता येत नाही. (पायांना चिखल लागलेला असेल तर दोन लाखांच्या दुर्बिणीलाही येत नाही.) पण किंमत वाढली म्हणजे सगळंच वाढलं असंही नाही. निकॉनच्याच तीन ८×४२ घ्या. स्वस्त प्रोस्टाफ पी३ चं दृष्टिक्षेत्र ७.२ अंश, तिच्याहून बरीच महाग असलेल्या मोनार्क एम५ चं ६.४ अंश, आणि त्याहून महाग एम७ चं ८.३ अंश. हजार मीटरवर हे अनुक्रमे सुमारे १२६, ११२ आणि १४५ मीटर होतात. एम५ चे जास्तीचे पैसे ईडी काच आणि कोटिंगमध्ये गेले, रुंदीत नव्हे. पानगळीच्या खुल्या जंगलात रेखीवपणाला भाव देणारा एम५ घेईल, तर दाट झाडीत वटवट्यांच्या मागे लागणाऱ्याला स्वस्त पी३ ची रुंदी जास्त कामाची वाटू शकेल. किमतीच्या क्रमानं दुर्बिणी लावून ‘परवडेल तेवढी वरची’ उचलण्याची पद्धत इथे चुकते.

आणि हे सगळं जुळूनही दुर्बीण निरुपयोगी ठरू शकते, जर ती वापरणाऱ्याच्या चेहऱ्याला बसली नाही. चष्मेवाल्यांनी आधी ‘आय रिलीफ’ पाहावा, म्हणजे आयपीसपासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. चष्मा असेल तर निदान पंधरा-सोळा मिलिमीटर हवेत. वर जिची स्तुती केली त्या अक्युलॉनचा आय रिलीफ बारा मिलिमीटर आहे, म्हणजे चष्मा लावणाऱ्याला तिचं आठ अंशांचं दृष्टिक्षेत्र बरंचसं कापूनच मिळणार. फक्त लघुदृष्टी किंवा दीर्घदृष्टी असेल तर चष्मा काढून फोकसनं काम भागतं, पण दर वेळी पक्षी दिसला की चष्मा काढा, हे चालणारं नाही. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मुळीच नाही. फुलपाखरं पाहणाऱ्यांसाठी सगळ्यात जवळचं फोकस महत्त्वाचं. अक्युलॉन पाच मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे चिखलपानाला बसलेला नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, तिच्यासाठी अस्पष्ट निळा-काळा डागच राहतो; दोन ते तीन मीटरवर फोकस होणारी दुर्बीण यासाठी हवी. वजनाबद्दल मी फारसं बोलणार नाही. आठशे ग्रॅमच्या आत असावं, आणि मानेवरच्या अरुंद पट्ट्याऐवजी पाठीवरून जाणारा हार्नेस घ्यावा, एवढं पुरे.

आता आक्षेप. सगळ्यात जोरदार आक्षेप मोकळ्या मैदानांवर आणि पाणथळींवर जाणाऱ्यांचा असतो. मयूरेश्वरच्या माळावर चिंकारा, रेहेकुरीला काळवीट, नांदूर मधमेश्वरला किंवा ठाण्याच्या खाडीत दूरवर पसरलेली बदकं आणि चिखलपक्षी, इथे प्राणी-पक्षी शोधायचे नसतात, ते समोरच असतात, फक्त लांब असतात. मग दहापट का नको? हे म्हणणं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. ज्याचं निरीक्षण प्रामुख्यानं अशाच जागी चालतं आणि ज्याचा हात स्थिर आहे, त्यानं १०×४२ घेण्यात चूक नाही. मात्र एक दुर्लक्षित गोष्ट अशी, की आपल्याकडे मोकळ्या जागेत सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दूरचं चित्र वितळल्यासारखं दिसतं. तिथे वर्धन वाढवलं की थरथरही वाढते. पाणथळीवर ज्या अंतरासाठी आठपट अपुरी पडते, तिथे बहुधा दहापटही अपुरीच असते आणि खरी गरज तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपची असते. दहापट दुर्बीण हा या दोन वेगळ्या गरजांमधला तोडगा आहे, आणि एकच दुर्बीण असणाऱ्याला तो जंगलात महाग पडतो. प्रतिमा स्थिर करणाऱ्या दुर्बिणी थरथरीचा प्रश्न सोडवतात हे खरं, पण बॅटरी, जास्तीचे भाग आणि किंमत यांच्यासह, त्यामुळे परवडणाऱ्या यादीत त्या येत नाहीत.

दुसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. २०१८ मध्ये निकॉनच्या पी१००० या एका कॅमेऱ्यात १२५ पट ऑप्टिकल झूम आलं. मग दुर्बीण हवीच कशाला, फोटो काढा आणि घरी जाऊन ओळखा. नोंद ठेवण्यासाठी कॅमेरा उत्तम आहे, आणि दुर्मीळ पक्ष्याचा दावा करणाऱ्याकडे फोटो मागितला जातो ते योग्यच. पण कॅमेरा क्षण गोठवतो, वागणं दाखवत नाही. पक्षी शेपटी कशी हलवतो, सालीवर वर चढतो की खाली उतरतो, थव्यात कोण कुणाला हुसकावतं, ही ओळखीची निम्मी सामग्री हालचालीत असते. दोन्ही डोळ्यांनी पाहताना पुसट छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता एका डोळ्याच्या सुमारे १.४ पट असते; मेळघाटात सागाच्या फांदीवर निश्चल बसलेला रानपिंगळा पानांच्या करड्या-तपकिरी पसाऱ्यातून वेगळा काढायचा तर ती कामाला येते. कॅमेऱ्याचा एक छुपा खर्चही आहे, आणि तो प्राण्यांना भरावा लागतो. चौकट भरून फोटो हवा म्हटलं की पावलं घरट्याकडे वळतात, गाडी पुढे घ्यायला सांगितली जाते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला मात्र दूर थांबण्यात काही गमवावं लागत नाही. मोबाईलला भिंग जोडण्याच्या क्लृप्त्यांविषयी बोलायला नको. ताडोब्यासारख्या ठिकाणी सफारीत मोबाईल नेण्यालाच मनाई आहे.

तिसरा आक्षेप असा, की स्वस्त गटातल्या नामांकित दुर्बिणीही बहुतेक चीनमध्येच बनतात, मग नावाला पैसे का द्यायचे? यात तथ्य आहे, आणि कमी प्रसिद्ध नावाची चांगली दुर्बीण मिळूही शकते. नावाचे पैसे जातात ते तपासणीला आणि हमीला. या किमतीत दोन एकसारख्या दिसणाऱ्या दुर्बिणींत फरक असतो आणि सदोष नग ग्राहकाच्या हाती जाण्याची शक्यता कारखान्यातल्या तपासणीवर ठरते. सगळ्यात वाईट दोष दोन्ही नळ्या समांतर नसण्याचा. तो लहान असेल तर मेंदू दोन चित्रं ओढूनताणून एक करतो, आणि तासाभरानं डोकं दुखायला लागतं. असली जुळणी दुरुस्त करणारा कारागीर सगळीकडे मिळत नाही, म्हणून भारतातली हमी असलेलीच दुर्बीण घ्यावी. परदेशातून परस्पर आणलेल्या मालावर सूट दिसते, पण दुरुस्तीची जबाबदारी कुणी घेत नाही. शक्य असेल तर दुकानाबाहेर येऊन दूरच्या विजेच्या आडव्या तारेवर दुर्बीण रोखावी, मग ती डोळ्यांपासून हळूहळू लांब न्यावी आणि दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर राहते का पाहावं. प्रकाशाची चकती गोल आहे की कडा कापलेली चौकोनी, तेही पाहावं. पोरोत ती चौकोनी दिसली तर प्रिझम हलक्या काचेचा आहे. दुकानाच्या आतल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात. ऑनलाइन घेतली तर परत करण्याची मुदत संपण्याआधी या तपासण्या उरकाव्यात. आणि उजव्या आयपीसवरचं डायॉप्टरचं कडं एकदा तरी नीट लावावं: उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचा फोकस, मग डावा मिटून त्या कड्यानं उजव्याचा. हे न करता ‘या दुर्बिणीतून स्पष्ट दिसत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या बरीच असावी असा माझा कयास आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात रास्त: बारा हजार तरी कुठे परवडतात? पुष्कळांना परवडत नाहीत, विशेषतः ज्या गावांच्या शिवारात हे पक्षी आहेत तिथल्या मुलांना. इथे एकाची दुर्बीण हा विचार सोडून शाळेचं निसर्ग मंडळ, ग्रंथालय किंवा वनखात्याचं निसर्ग माहिती केंद्र यांचा विचार करावा लागतो. दोन लाख चाळीस हजारांना एक अव्वल दुर्बीण येते, तेवढ्यात बारा हजारांच्या वीस येतात, आणि त्या वीसमधून दिसणाऱ्या चित्राची प्रत पहिलीच्या विसाव्या हिश्श्याची मुळीच नसते. देणगी देऊ इच्छिणारे मात्र बऱ्याचदा दिसायला भारदस्त असं काहीतरी एकच देतात, किंवा मग दोन हजारांच्या तीस दुर्बिणी. दोन्ही टाळावं. शाळेसाठी घेताना एक माप जास्तीचं पाहायचं असतं. दुर्बिणीच्या दोन नळ्या जवळात जवळ किती येतात ते बहुतेक मॉडेलांत ५६ मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि प्राथमिक शाळेतल्या कित्येक मुलांच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असतं. अशा मुलाला दोन्ही डोळ्यांनी एक वर्तुळ दिसतच नाही, एक डोळा मिटूनच पाहावं लागतं. म्हणून वीसपैकी चार-सहा दुर्बिणी पन्नास मिलिमीटरपर्यंत जवळ येणाऱ्या, कमी वजनाच्या, सहापट किंवा आठपट अशा घ्याव्यात, आणि बाकीच्या ८×४२.